सोलर किती किलोवॅटचा, हे सगळ्यात शेवटी विचारा

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: गावातली जी मंडळी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त तमिळनाडू, केरळ, पंजाबात आहेत, त्यांनी यंदाच्या जत्रेत चार लाख रुपये जमवून दिले. त्यातून गावच्या वाचनालयाच्या छतावर १० किलोवॅटचा सोलर बसवायचा, गावात आठ ठिकाणी मोफत वायफाय द्यायचं, असं ठरलंय. अकरा जणांची समिती आहे. पैसे सध्या समितीतल्या एकाच्या बचत खात्यात आहेत. गावात दोन गट आहेत आणि कुजबुज आत्तापासूनच सुरू झाली आहे. प्रश्न विचारणाऱ्यानं शेवटी लिहिलंय, "ट्रस्ट काढावा की कंपनी, आणि पॅनेल कुठले घ्यावेत?"

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी कराडकडचा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून वायरिंगची कामं घेत होतो, २००९ पासून सोलरची घेतो. अलीकडे वायफायचे खांब उभे करून देण्याचीही कामं येतात. आणि आमच्या गावच्या वाचनालयाचा अकरा वर्षं खजिनदार आहे. सोलरमध्ये मी जेवढं शिकलो, त्यापेक्षा जास्त त्या खजिनदारकीत शिकलो. म्हणून हे उत्तर पॅनेलपासून सुरू होणार नाही.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात काळजीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: पैसे एकाच्या खात्यात आहेत. तो माणूस कितीही सचोटीचा असो, उद्या त्याला काही झालं तर ते पैसे त्याच्या वारसांच्या हातात जातात. त्याच्यावर कुणाची वसुली लागली तर खातं गोठतं. आणि गावात चार लाखांचे सहा लाख व्हायला दोन महिने पुरतात. त्यामुळे हा आठवडा पॅनेलचे दर मागवण्यात घालवू नका. देणगीदारांची पूर्ण यादी करा, प्रत्येकाचं नाव, रक्कम, तारीख, रोख दिले की खात्यावर. ती यादी प्रत्येक देणगीदाराला पाठवून "बरोबर आहे" असं उत्तर घ्या. नोंदणी नसताना सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायला धर्मादाय कायद्याच्या कलम ४१ सी खाली परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. तेव्हा आणखी पैसे गोळा करणं आजच थांबवा.

आता ट्रस्ट की कंपनी. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. तुमच्या गावात वाचनालय आहे, असं तुम्हीच लिहिलंय आणि त्याच्याच छतावर पॅनेल बसवायचे आहेत. ते वाचनालय बहुधा संस्था म्हणून नोंदलेलं असणार, म्हणजे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, दोन्ही. आपल्याकडे असंच असतं. त्याची नोंद जिवंत आहे का, ते सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात जाऊन बघा. शेवटचा हिशेब कधी दाखल झालाय, परिशिष्ट एकवर (संस्थेच्या नोंदीचा उतारा) कुणाची नावं आहेत, विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज किती वर्षं राहिलेत. नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज दहा-दहा वर्षं न दिलेली वाचनालयं मी पाहिली आहेत. कागदावरचे विश्वस्त निम्मे वारलेले. ते सगळं निस्तरायला सहा महिने लागतील, पण निस्तरलं तर तुम्हाला छत, मीटर आणि संस्था एकाच नावावर मिळते. हे फार मोलाचं आहे, का ते पुढे येईल. घटनेत उद्देश दुरुस्त करून सौरऊर्जा आणि इंटरनेट घालून घ्या, आणि या कामाचं बँक खातं वेगळं ठेवा. वाचनालयाचं अनुदान आणि हे पैसे एका खात्यात मिसळले की दोन्हीचा हिशेब बिघडतो.

वाचनालय एका गटाच्या ताब्यात आहे आणि दुसरा गट त्याची पायरी चढत नाही, अशी परिस्थिती असेल तर मात्र माझा सल्ला उलटा. मग नवी संस्था काढा. सात सभासद पुरतात, तुमच्याकडे अकरा आहेत. कलम आठची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी हा पर्याय शहरात शिकून आलेल्या मुलांना फार आवडतो, कारण सगळं ऑनलाइन होतं. पण तिची विवरणपत्रं दरवर्षी भरावीच लागतात, उलाढाल शून्य असली तरी. उशीर झाला की एकेका फॉर्मला दिवसाला १०० रुपये. गावातल्या संस्थेचा उत्साह तिसऱ्या वर्षी ओसरतो, तेव्हा हा दंड चढत बसतो.

देणगीदार धंदेवाले आहेत, तेव्हा ८० जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, विचारणा नक्की होणार. नोंदणी मिळवा, पण तिच्यासाठी काम अडवू नका. रोख २,००० रुपयांच्या वर दिले असतील तर सवलत नाही, आणि ज्यांनी नवी कररचना घेतली आहे त्यांना ही वजावट मिळतच नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत. पावतीवर काय छापायचं ते सीएला विचारूनच छापा. परदेशातला एखादा गाववाला पैसे देतो म्हणाला तर पासपोर्ट भारतीय आहे का, एवढं आधी विचारा. नसेल तर परकीय देणगीचा वेगळा कायदा लागतो. तुमच्या आकाराच्या संस्थेनं त्या वाटेला जाऊ नये. आणि एक: न्यासाच्या विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज काढता येत नाही. सोलरवाला "हप्त्यावर घ्या" म्हणेल. सही करू नका.

आता मूळ मुद्दा.

मला १५-१६ वर्षांत जे बंद पडलेले सोलर दिसले, त्यातला एकही पॅनेल खराब झाल्यामुळे बंद पडला नव्हता. पॅनेल २५ वर्षं चालतो. बंद पडतं ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा पहिला मोठा खर्च येतो आणि तो कुणी करायचा हे ठरलेलं नसतं. पाटण तालुक्यात एका वाडीत मीच २०१३ साली दोन किलोवॅटचा ऑफ-ग्रिड, म्हणजे फक्त बॅटरीवर चालणारा, सोलर बसवला होता. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी, नारळ, पेढे, सगळं झालं. ट्युब्युलर बॅटऱ्या होत्या, त्यांना दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. पहिलं वर्ष शाळेतल्या एका गुरुजींनी घातलं. त्यांची बदली झाली. तिसऱ्या पावसाळ्यात बॅटऱ्या गेल्या. नव्यांचा खर्च निघाला ४८,००० रुपये. गाव म्हणालं देणगीदारानं द्यावेत, देणगीदार म्हणाला एवढं दिलं तर गावानं एवढं करू नये? मला कुणी विचारलं नाही, पण चूक माझीही होती. मी ऑफ-ग्रिड बसवून मोकळा झालो, पाण्याच्या बाटलीचे पैसे कुठून येणार हे मी विचारलंच नव्हतं. आजही त्या रस्त्यानं गेलो की पॅनेल दिसतात, चकचकीत. पाटी तर त्याहून चकचकीत.

बिहारमधल्या धरणई गावाचं उदाहरण पुष्कळांना माहीत असेल. २०१४ साली तिथे १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड मोठ्या गाजावाजानं उभा राहिला. मग सरकारी वीज आली, ती स्वस्त पडली. सोलरच्या बॅटऱ्या दमल्या, त्या बदलण्याची व्यवस्था उभी राहिली नाही आणि काही वर्षांत सगळं ओस पडलं. तिथे पैसा आणि तंत्रज्ञान आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं.

म्हणून तुमच्या चार लाखांची माझी वाटणी अशी, दर आज बाजारात साधारण जे आहेत ते धरून. वाचनालयाच्या छतावर १० नव्हे, दोन किलोवॅट ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला: सव्वा लाखाच्या आसपास. दिवे, राउटर आणि एक संगणक लाईट गेल्यावर चालावा म्हणून छोटा लिथियमचा बॅकअप: २५,००० पर्यंत. इंटरनेटची लाइन, राउटर, बाहेर लावायचे दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (वायफाय फेकणारे डबे), अर्थिंग: ५०,००० च्या आत. झाले दोन लाख. उरलेल्यातले एक लाख मुदत ठेवीत, दुरुस्ती निधी म्हणून, आणि ती मोडायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल असं लिहून ठेवा. राहिलेले एक लाख वर्षभर खात्यात तसेच. यावर गलाईवाले चिडतील. "आम्ही काय बँकेत ठेवायला दिले होते का?" हा प्रश्न मी ऐकलाय. त्यांना धंद्याच्याच भाषेत सांगा: दुकान घालताना सगळं भांडवल फर्निचरमध्ये घातलेलं दुकान किती दिवस चालतं?

दहाऐवजी दोन का, याचा हिशेब सांगतो. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी साडेतीन-पावणेचार युनिट धरा, वर्षाला १,२०० ते १,४००. खानापूर-आटपाडीकडे पाऊस कमी, त्यामुळे तुम्ही वरच्या आकड्याजवळ जाल. पाटण-महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर मीटर जवळजवळ झोपतो. तुमच्या वाचनालयाचं बिल मी पाहिलेलं नाही, पण सात-आठ ट्यूब, चार पंखे, दोन संगणक एवढ्याला महिन्याला दीड-दोनशे युनिटच्या वर जाऊ नये. दोन किलोवॅट २२० ते २४० देईल. भागलं. जास्तीचे युनिट नेट मीटरवर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) पुढच्या महिन्यात वळते होतात खरे, पण मार्चअखेर उरलेल्या युनिटना महावितरण जो दर देते तो तुम्ही भरता त्याच्या मानानं अगदीच किरकोळ. १० किलोवॅट बसवलात तर आठ किलोवॅट महावितरणसाठी बसवल्यासारखे होतील. सबसिडी मिळेल असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासा. पीएम सूर्यघरची ७८,००० पर्यंतची सबसिडी राहत्या घरांना आहे. वाचनालय, शाळा, देऊळ यांना नाही.

तुमच्या मनात दहाचा आकडा बहुधा पाणीपुरवठ्याच्या मोटरीमुळे आला असावा, कारण गावातलं खरं मोठं बिल तेच. १० एचपीची मोटर चार तास चालली तर दिवसाला ३० युनिट, महिन्याला ९००. तिथे सोलर लावला तर गावाचा खरा फायदा. पण ती मोटर, ते मीटर, ती जागा ग्रामपंचायतीची. तुमच्या संस्थेचे पैसे, पंचायतीची मालमत्ता, आणि पाच वर्षांनी सरपंच दुसऱ्या गटाचा. माझं म्हणणं, पहिलं वर्ष वाचनालय चालवून दाखवा. मग ग्रामसभेत ठराव मांडा की संस्था पॅनेल देईल आणि देखभालीचा वार्षिक करार पंचायत पाणीपट्टीच्या खात्यातून भरेल. आकडे हातात असले की ठरावाला विरोध करणाऱ्यालाही आकड्यांशी भांडावं लागतं. राखून ठेवलेले एक लाख त्याच वेळी उपयोगी पडतील.

छत कुणाचं आणि मीटर कुणाच्या नावावर, हे मी वर म्हणालो ते इथे येतं. नेट मीटर ज्याच्या नावावर वीजजोड आहे त्यालाच मिळतो. वाचनालयाचं मीटर एखाद्या कैलासवासी अध्यक्षांच्या नावावर असतं, हे इतकं सर्रास आहे की मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो. आधी नाव बदलून घ्या. मंजूर भार एक किलोवॅट असेल तर तोही वाढवावा लागेल. २०२४ च्या नियमांनंतर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट राहिलेली नाही, त्यामुळे ते काम पूर्वीइतकं रखडत नाही.

आणखी एक गैरसमज, जो प्रत्येक गावात भेटतो: सोलर बसवला की लाईट गेल्यावरही चालेल. ऑन-ग्रिड चालत नाही. लाईट गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि झालाच पाहिजे, नाहीतर डीपीवर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) घेतला तर चालतो, पण बॅटरीचा खर्च आला. म्हणून मी सोलर आणि बॅकअप यांची गाठ मारत नाही. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५-२० वॅट खातात. त्यांना छोटा लिथियम यूपीएस सहज सहा-आठ तास पुरतो. तुमच्या गावाला लाईट नसताना इंटरनेट हवंय ना? त्याला छतभर पॅनेल लागत नाहीत, बुटाच्या खोक्याएवढी बॅटरी लागते.

साताऱ्यातलं मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून मला "आमचंही तसं करून द्या" असे फोन येतात. ते करता येईल, पण तिथे काय होतं ते लक्षात घ्या. मुख्यतः घराघरांवरचा सोलर, ज्याचं मीटर त्याचं छत, सरकारी योजना पाठीशी, आणि ग्रामस्वच्छतेच्या कामासाठी आधीपासून नावाजलेलं एकजुटीचं गाव. सामाईक मालमत्तेचा प्रश्न तिथे तुमच्यासारखा नाही.

आता वायफाय. आठ ठिकाणी मोफत, हे मला पटत नाही. पहिलं कारण कायद्याचं. पासवर्ड भिंतीवर लिहून उघडं वायफाय देऊ नका. उद्या कुणी त्यावरून फसवणुकीचा मेसेज पाठवला तर पोलीस लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. कोण जोडलंय याची नोंद मोबाइलच्या ओटीपीवरून राहिली पाहिजे. यासाठी सरळ मार्ग पीएम-वाणीचा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं मंजूर केलेली ही योजना. चहाची टपरी, किराणा दुकान, वाचनालय, कुणीही सार्वजनिक डेटा केंद्र, म्हणजे लोकांना वायफाय देणारी जागा, होऊ शकतं, त्याला परवाना लागत नाही, शुल्क नाही. ओटीपी, कूपन, नोंदी हे सगळं नोंदणीकृत ॲग्रिगेटर, म्हणजे अशी अनेक केंद्रं सांभाळणारी कंपनी, बघते. पूर्वी अडचण ही होती की कंपन्या अशा केंद्राला महागडी लीज लाइनच (एकट्यासाठी राखीव लाइन) घ्यायला सांगत. जून २०२५ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतची फायबरची लाइन अशा केंद्राला घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. हे वाक्य तोंडपाठ करून जा, कारण तालुक्याच्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही.

लाइन कुणाची घ्यायची, हे पूर्णपणे गावावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीत भारतनेटचा (केंद्राच्या ग्रामीण फायबर योजनेचा) डबा आला असेल, तो चालू आहे की वर जळमटं धरलीत ते बघा. चालू असेल तर उत्तम. नसेल तर विट्याहून येणारा खासगी केबलवाला. दोन गोष्टी मात्र सांगतो. आपल्या भागात फायबर तुटते ती मुख्यतः दोन कारणांनी: नळयोजनेचा चर खणणारा जेसीबी, आणि ऊसाची ट्रॉली. गळीत हंगामात डबल ट्रॉली वर गच्च भरून निघाली की खांबावरून खांबावर टाकलेली केबल तिच्यात अडकते. रस्ता ओलांडणारी केबल वर चढवून घ्या, नाहीतर नोव्हेंबर ते मार्च दर पंधरा दिवसांनी लाइन बंद. आणि वळवाच्या पावसातल्या विजा. फायबरमधून वीज येत नाही, पण छतावरच्या ॲक्सेस पॉइंटपासून खाली येणारी तांब्याची लॅन केबल सगळं घेऊन येते. सर्ज प्रोटेक्टर आणि वेगळं अर्थिंग नसेल तर एप्रिल-मेमध्ये एका रात्रीत तीन डबे जळतात. माझे जळलेत.

वाडी लांब असेल तर पाच गिगाहर्ट्झचा रेडिओ लावून दोन-चार किलोमीटर सहज नेता येतं, २०१८ पासून या पट्ट्याला परवाना लागत नाही. फक्त मधे काय आहे ते पावसाळ्यानंतर बघा. जूनमध्ये मोकळं दिसणारं शिवार दिवाळीला १२ फूट ऊसानं भरलेलं असतं.

मोफतच्या विरोधातलं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आठ ठिकाणं तुम्ही कुठली निवडलीत? पार, एसटी स्टँड, तालमीसमोर, देवळामागे. ही सगळी पोरांच्या बसायच्या जागा आहेत. तिथे संध्याकाळी सात वाजता कॉलेजची मुलगी मोबाइल घेऊन उभी राहील का? शिष्यवृत्तीचा फॉर्म, लाडकी बहीणची ई-केवायसी, सातबारा, परीक्षेचं हॉलतिकीट ही कामं ज्यांना करायची आहेत त्यांना बसायला खुर्ची, डोक्यावर दिवा आणि प्रिंटर लागतो. म्हणून पहिली जागा वाचनालय, आत, विद्यार्थ्यांना आणि फॉर्म भरणाऱ्यांना मोफत. दुसरी अंगणवाडी किंवा बचत गट जिथे बसतो ती. बाहेर पारावर द्या, पण कूपनवर, पाच-दहा रुपयांचं. रील बघणाऱ्यानं फॉर्म भरणाऱ्याची लाइन चालवावी, यात गैर काही नाही. १०० एमबीपीएसची लाइन ३० जणांत व्हिडिओसाठी लगेच चेपते, तेव्हा माणशी वेगाला मर्यादा घाला, सगळ्यांना सारखी, अध्यक्षांच्या मुलालाही. तुमच्याच तालुक्यात येरळेवर बलवडीजवळ लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाच्या चळवळीनं पाणी जमिनीच्या हिशेबात न देता कुटुंबाच्या हिशेबात, भूमिहीनांनाही, असा आग्रह धरला होता. एमबीपीएस वाटताना ते आठवायला हरकत नाही.

शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवतं. तुमच्या गावातली वडीलधारी मंडळी त्याचा दाखला देऊन वायफायला विरोध करतील. त्यांच्याशी वाद घालू नका. पारावरचं वायफाय सात ते साडेआठ बंद ठेवा, टायमर लावायला दोन मिनिटं लागतात. वाचनालयातलं चालू राहू दे.

कूपनचे पैसे येणार म्हणून एक इशारा. "सर्वसाधारण लोकोपयोगी काम" या सदरात नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या फीपोटीच्या जमा तिच्या एकूण जमेच्या पाचव्या हिश्शाच्या वर गेल्या तर करसवलत धोक्यात येते. तुमच्या आकड्यांना सुरुवातीला प्रश्न येऊ नये, पण देणग्या थांबल्या आणि कूपनच चालू राहिली तर चौथ्या वर्षी हा खड्डा लागतो. दरवर्षी सीएला विचारा.

आता हिशेबाकडे येतो, कारण तुमची कुजबुज तिथून सुटणार आहे. माझ्या खजिनदारकीच्या दुसऱ्या वर्षी सभेत एका आजोबांनी विचारलं, रंगकामाची पावती कुठंय? १,८५० रुपयांची. मी खिशातल्या डायरीत लिहीत होतो, पावती हरवली होती. तरुण होतो, राग आला, उभ्या-उभ्या खिशातून १,८५० काढून टेबलावर ठेवले. वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी गावात निष्कर्ष निघाला: खाल्ले होते म्हणूनच भरले. तो डाग पुसायला मला तीन वर्षं लागली. पावती हरवली असेल तर "हरवली" असं प्रोसिडिंगमध्ये लिहा, दुकानदाराकडून दुसरी प्रत आणा, पण खिशात हात घालू नका.

त्यानंतर आम्ही वाचनालयाच्या बाहेर काळा फळा लावला. महिन्याच्या पाच तारखेला त्यावर खडूनं लिहायचं: मागची शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. दुरुस्ती निधी वेगळ्या ओळीत. सोलर बसल्यावर दोन ओळी वाढल्या, किती युनिट तयार झाले आणि बिल किती आलं. शेजारी पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. फळ्याचा फोटो बाहेरगावच्या ग्रुपवर. कोईमतूरला बसलेल्या गलाईवाल्याला ऑडिट रिपोर्ट समजेलच असं नाही, पण फळा समजतो. पहिले दोन महिने लोक जाता-येता बोट ठेवून बेरीज करायचे. मग थांबले. पण एक महिना मी आजारी होतो, फळा राहिला, तर सात तारखेला दूधवाला घरी विचारायला आला. देणगीदारांचे मोबाइल नंबर आणि वायफाय कुणी किती वापरलं हे मात्र फळ्यावर कधीच नको. हिशेब पैशाचा उघडा ठेवायचा, माणसांचा नाही.

खात्यावर दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एका भावकीतल्या नकोत. दोन्ही गटांतली एकेक सही असली तर चेक निघायला उशीर होतो, तो होऊ द्या. ऑडिटर तालुक्याच्या बाहेरचा घ्या. ५,००० च्या वरच्या प्रत्येक खरेदीला तीन दरपत्रकं. समितीतल्या कुणाचा मेव्हणा किंवा साडू सोलरचा धंदा करतो, हे तर असतंच. त्याला बाद करू नका, कधी कधी तोच रात्री फोन उचलतो. पण नातं प्रोसिडिंगमध्ये लिहा, आणि त्या ठरावाच्या वेळी नातेवाईक सभासदानं बाहेर चहा प्यावा.

आणि वाचलेलं बिल. इथे बहुतेक संस्था फसतात. तुमचा वापर वर्षाला समजा २,००० युनिट, तो सगळा सोलरमधून भागला आणि दर आठ रुपये धरला तर १६,००० रुपये वाचले. कुठे आहेत ते? कुठेच नाहीत. न भरलेलं बिल कुणाच्या खात्यात दिसत नाही, ते हळूहळू सतरंज्या आणि स्नेहसंमेलनात विरघळतं. म्हणून आम्ही दर महिन्याला पूर्वीच्या बिलाइतकी रक्कम बाजूला काढतो, नवं बिल भरतो आणि उरलेले पैसे दुरुस्ती निधीच्या खात्यात खरोखर वळते करतो, व्हाउचर करून. इन्व्हर्टर दहा वर्षांच्या आसपास जातो, लिथियम बॅटरी आठ-दहा वर्षांत, ॲक्सेस पॉइंट चार-पाच वर्षांत. ही पैशांची झाडं आजच लावली तर तेव्हा सावली. पॅनेल पुसणाऱ्याला महिन्याला ३०० रुपये द्या, फुकट करून घेऊ नका. विटभट्टी किंवा कारखान्याची राख येत असेल तर हंगामात महिन्यातून दोनदा पुसावे लागतात, आणि फुकटचा माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

इंग्लंडच्या लँकशरमध्ये २०११ साली गावकऱ्यांनी मिळून बी-फॉर-आर-एन नावाची सामुदायिक संस्था काढली. मोठ्या कंपन्या फायबर टाकत नव्हत्या, म्हणून लोकांनी शेअर घेतले, आपल्या शेतातून केबल न्यायला पैसे मागितले नाहीत आणि पुष्कळ चर स्वतः खणले. आपल्याकडे दूध संघ आणि साखर कारखाने असेच उभे राहिले, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मला त्यातलं आवडतं ते हे की जोडणीचे पैसे प्रत्येक घर दर महिन्याला भरतं. चांगली लाइन आहे, भरतात. तिथली संस्था देणगीवर चालत नाही. तुमचे गलाईवाले आज उत्साहात आहेत, पण त्यांची पुढची पिढी कोईमतूरमध्ये जन्मली आहे. तिला गावची जत्रा किती दिवस ओढील, त्यावर वायफायचं बिल टांगून ठेवू नका.

पॅनेल कुठले घ्यावेत, हा तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. बाजारात ज्या चार-पाच मोठ्या कंपन्या आहेत त्यांतला कुठलाही चालेल, फरक उन्नीस-बीसचा आहे. इन्व्हर्टरच्या कंपनीचा माणूस सांगली, कराड किंवा विट्यात आहे का, ते बघा. स्ट्रक्चर गॅल्व्हनाइज्ड हवं, रंगवलेलं नको. सोलरच्या सामानावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झालाय, जुनं दरपत्रक दाखवत असतील तर परत पाठवा.

तूर्त तीन कागदांचे फोटो टाका: वाचनालयाचं वीजबिल दोन्ही बाजूंनी, धर्मादायच्या नोंदणीचा दाखला, आणि देणगीदारांची यादी, पण यादीतले नंबर झाकून. बिलावर मंजूर भार आणि नाव कुणाचं आहे ते बघून पुढचं सांगतो.